आप्पांची तंगी

आमच्या गल्लीतले छत्रीवाले आप्पा छत्री कधी स्वतःच्या डोक्यावर धरत नसत. डाव्या हाताला, शेजारच्या रिकाम्या जागेवर धरत. स्वतः उन्हातून चालायचे आणि बाजूला, जिथं कुणीही नाही तिथं, छत्रीची काळी गोल सावली त्यांच्याबरोबर चालायची.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते संस्थान विलीन झालं त्या उन्हाळ्यात. आमचं घर गंगावेशीच्या मागच्या गल्लीत. दुपारी बाराची वेळ, बाहेर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी खिडकीशी तांदूळ निवडत बसले होते. आप्पा समोरच्या एका खणाच्या खोलीत नुकतेच राहायला आले होते. गल्लीच्या तोंडाला दोन दगडी पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांपाशी ते थांबले, छत्री जरा खाली घेतली, बाजूला पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तंगी, बा." कुणी पायऱ्या चढून येईपर्यंत थांबावं तेवढे थांबले आणि मग पुढं निघाले. आमच्या दारासमोर येऊन किल्ली शोधत उभे राहिले. छत्रीची सावली माझ्या खिडकीखाली होती. मी वाकून तिच्यात पाहिलं. नुसती धूळ होती.

ते खोलीत गेल्यावर मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. सगळी फरशी पोळत होती. त्यांनी छत्री धरली होती तेवढा एक दगड गार होता. सावलीनं झाला असेल. पण एवढ्याशा वेळात दगड गार होतो का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

आप्पा दिसायलाही विचित्रच. वय पन्नाशीच्या आतबाहेर, अंगात कोपरी, डोक्याला मळकं मुंडासं. वर्षानुवर्षं छत्री डावीकडं धरल्यामुळं उजवा गाल तव्यासारखा काळा पडला होता आणि डावा गव्हाळच राहिला होता. उजवीकडून पाहिलं तर एक माणूस, डावीकडून पाहिलं तर त्याचा भाऊ. आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, म्हणायच्या, "ह्या माणसाला उसनं मीठ द्यायचं तर कुठल्या तोंडाकडं बघून द्यायचं?"

"तंगी, बा" हे त्यांचं पालुपद होतं. पायरी आली की तंगी. वळण आलं की तंगी. ते रेशनचे दिवस होते आणि तंगी सगळ्यांच्याच घरात होती, त्यामुळं माणूस पैशाच्या काळजीनं बडबडतो असंच सगळे समजले. तालमीतला बंडा म्हणून एक दांडगा पोरगा होता, त्याला आप्पांची चेष्टा करायची फार हौस. त्यानं एकदा एक आणा पुढं केला. "घ्या आप्पा, आजची तंगी भागवा."

आप्पांनी आणा घेतला, उलटापालटा करून पाहिला. मग खाली वाकले आणि छत्रीच्या सावलीत, मधोमध, जमिनीवर ठेवला. "घे," म्हणाले, "बांगड्या भर."

बंडा हसत हसत आला होता, तो तसाच मागं सरला. संध्याकाळी आणा तिथं नव्हता. कुणीतरी उचलला असणार, रस्त्यावर पडलेला आणा कोण सोडतंय! पण तेव्हापासून बायका ती सावली ओलांडेनाशा झाल्या. आप्पा समोरून आले की पदर सावरून भिंतीला चिकटायच्या. एका दुपारी गल्लीतलं कुत्रं गारव्याला म्हणून त्या सावलीत येऊन पसरलं, तर आप्पा त्याला अगदी हळुवारपणे म्हणाले, "सरक बाबा, सरक. जागा हाय तिची."

तिची! एवढा एक शब्द पुरला. आप्पांच्या मागं लावसट लागली आहे हे दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर ठरून गेलं. लावसट म्हणजे इच्छा राहून मेलेली बाई. ती कोण, कुठली, एवढंच ठरायचं राहिलं.

त्यांचा धंदाही उफराटा. सगळ्या जगात छत्रीवाल्याची कमाई मृगाच्या तोंडाशी. आप्पा नेमके तेव्हा दार लोटून घेत. लोक मोडक्या छत्र्या घेऊन दारात ओरडायचे, आणि आतून उत्तर यायचं, "पावसासाठनं छत्री? कशाला? पाऊस पुसला की गेला. ऊन पुसता येत न्हाय."

"अहो पण भिजाय हुतंय की!"

"मग भीज. वाळशील."

आणि फाल्गुन संपत आला की हाच माणूस दारोदार हिंडायचा. काडी मोडलेली, कापड विरलेली, कसली का असेना, छत्री मागून न्यायचा, शिवून परत आणून द्यायचा आणि वर दम भरायचा, "बारा ते तीन हिच्याबिगर बाहीर पडलास तर बघ." गल्लीतल्या तरण्या पोरापोरींना ते वैताग आणत. म्हाताऱ्यांना काही बोलत नसत. "त्येस्नी खाऊन झालंय," असं म्हणायचे. कुणी खाल्लं, ते मात्र सांगत नसत.

आमच्याकडचे हे गुळाच्या अडतीत कारकून होते, पण सकाळची तालीम चुकवत नसत. थंडीच्या दिवसांत तालमीची पोरं मेहनत झाली की तेल चोळून रंकाळ्याच्या काठावर उघडी पालथी पडत, ती पार डोक्यावर ऊन येईपर्यंत. तिथला किस्सा ह्यांनी मला सांगितला. आप्पा एकदा तिथं जाऊन उभे राहिले आणि बंडाला छत्रीच्या टोकानं ढोसलं.

"काय करायलाईस रं?"

"दिसत न्हाय व्हय आप्पा? ऊन खायलोय."

"तू खात न्हाईस. त्ये तुला खायलंय."

"खाऊ द्या की. म्हशीचं दूध पिऊन अंग वाढीवलंय. खाऊन खाऊन किती खाईल?"

आप्पा गुडघ्यावर बसले आणि त्याच्या पाठीवर बोट ठेवलं. "ह्यो तीळ गेल्या साली एवढाच हुता?"

"पाठीवरचा तीळ मला कसा दिसायचा? त्ये बायकोला इचारा."

"तुझं लगीन झालंय व्हय?"

"न्हाय की! म्हणूनच म्हणतोय, इचारा आनि एखादी बघून बी ठेवा."

सगळी पोरं खदखदून हसली. आप्पा हसले नाहीत. त्यांनी एकेकाची पाठ पाहिली, मान पाहिली, कानांच्या पाळ्या पाहिल्या. म्हैस विकत घेताना पाहतात तसं. हे म्हणाले, "त्यांचं बोट लागलं की पाठीवरनं काटा जायचा. मेलेल्या माणसाला चाचपावं तसं चाचपत हुते गं." त्या दिवशी पोरं रोजच्यापेक्षा लवकर उठून घरी गेली.

आता कुसुमचं सांगायला पाहिजे. कुसुम माझी नणंद, तेव्हा अठराची. ती जन्मालाच दुधासारखी पांढरी आली होती. केस मक्याच्या कणसाच्या तुऱ्यासारखे, पापण्याही तशाच, आणि डोळे उजेडात सारखे मिटमिटायचे. घरादारात दुसरं कुणी असं नव्हतं. लोक कोड म्हणायचे, पण कोड डागांनी येतं. हिला डागच नव्हता, अख्खी एकसारखी पांढरी. गल्लीत तिचं नाव मड्डम. इंग्रज गेला तेव्हा बंडा आमच्या दारात येऊन ओरडला होता, "आवो, तुमची एक हितंच ऱ्हायली की!" आणि कुसुमनं आतून उत्तर दिलं होतं, "सामान बांधायलोय, हमाल म्हणून येतोस का?"

ती अशी. कुणाला हार जात नसे. धुणं पंचगंगेच्या घाटावर तीच धुवायची, सांडगे तीच वाळवायची, मिरच्या तीच पसरायची. उन्हातून आली की लाल व्हायची, फोड यायचे, मग सालपटं निघायची. आत्याबाई खोबरेल लावायच्या आणि म्हणायच्या, "जाऊ दे सालपट. खाली बरी कातडी येईल."

तिची वेणी मी घालायची. त्यामुळं तिच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला एक फोड आहे हे मला ठाऊक होतं. रंगपंचमीला तिचे केस धुताना तो पहिल्यांदा झोंबला होता. खपली धरायची, पडायची, फोड पुन्हा ओला व्हायचा. हळद लावली, तुळशीचा रस लावला. कुसुम म्हणायची, "असू दे वैनी, माझ्यात तेवढाच एक रंगीत ठिपका हाय." मी केस त्याच्यावरून घ्यायची आणि गप्प बसायची. घरात गप्प बसायची मला सवयच होती.

फोड आला त्याच वर्षीची गोष्ट. आप्पांना गल्लीत येऊन वर्ष झालं होतं. दोन स्थळं कुसुमला पाहून परत गेली होती आणि तिसरं कागलचं यायचं होतं, वैशाख संपता संपता. मधला माणूस आमच्या सोप्यात बसून चहा पीत आत्याबाईंना म्हणाला, "पोरगी गुणाची हाय, त्यात वाद न्हाय. पर ह्यो रंग... जरा उन्हातनं काढा की. उसाचा रस बी आधी फिकाच असतोय. कायलीत तापला की रंग धरतोय."

आत्याबाईंना ते पटलं. कोल्हापुरात गुळाचा दाखला दिला की कुणालाही पटतं. महिनाभर रोज, दहा ते बारा, अंगाला तिळाचं तेल लावून कुसुमला घरामागच्या परड्यात खाटेवर बसवायचं ठरलं. कुसुम मला म्हणाली, "वैनी, बाजारात पिवळ्याधमक गुळाला भाव जास्त, काळा गूळ गुरांस्नी घालत्यात. माणसांत उलटं कसं?" पण ती बसायला तयार झाली. दोन स्थळं उठून गेली तेव्हा ती हसली होती आणि मग न्हाणीत जाऊन बराच वेळ पाणी ओतत होती. ते मला ऐकू आलं होतं.

ती बसायला लागायच्या आदल्या दिवशी आप्पा माझ्या खिडकीखाली येऊन उभे राहिले. छत्री डावीकडं, ते उन्हात. वर न बघताच बोलले.

"वैनीबाई, तुमच्या नणंदेच्या कानावर फोड हाय. त्यो शिमग्याला हुता का?"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. फोड केसांखाली होता. तो माझ्याशिवाय कुणी पाहिलेला नव्हता, आणि हा माणूस समोरच्या दारात बसून तो कधीपासूनचा हे विचारत होता. मी खिडकी लावून घेतली. फटीतून पाहिलं तर ते अजून तिथंच होते, आणि छत्री किंचित वर उचललेली होती. कुणीतरी टाचा उंच करून आत बघावं आणि त्याला जागा करून द्यावी, तशी.

रात्री मी हे आत्याबाईंना सांगितलं, म्हणजे आप्पांचं सांगितलं. फोडाचं सांगितलं नाही. त्यांनी मीठमोहरी ओवाळून कुसुमची दृष्ट काढली.

पहिले तीन दिवस काही झालं नाही. कुसुम तेल लावून बसायची, लाल व्हायची, रात्री कुशीवर निजता यायचं नाही. चौथ्या दिवशी मी तिला पाणी द्यायला परड्यात गेले, तर तिच्या तोंडावर सावली. वर पाहिलं. परड्याच्या मागं पुरुषभर उंच मातीची भिंत आहे आणि पलीकडं ओसाड बोळ. त्या भिंतीवरून एक लांब कळकाची काठी पुढं आलेली, तिच्या टोकाला उघडी काळी छत्री बांधलेली. माणूस नाही, आवाज नाही. नुसती छत्री हवेत, कुसुमच्या डोक्यावर, एवढीही न हालता.

"वैनी," कुसुम डोळे मिटूनच म्हणाली, "ढग आलाय बघ."

आत्याबाईंनी खाट दुसऱ्या कोपऱ्यात ओढली. छत्री भिंतीवरून सरकत सरकत त्या कोपऱ्यात आली. आत्याबाईंनी खाट पेरूच्या झाडापलीकडं नेली. छत्री जरा घुटमळली, मग फांदीला वळसा घालून तिथंही पोचली. आत्याबाईंनी धुणं वाळत घालायची काठी घेतली आणि छत्रीला दोन रट्टे हाणले.

"मेल्या छत्रीवाल्या! तुझ्या छत्रीला आग लागो!"

भिंतीपलीकडून शांतपणे उत्तर आलं, "आग तर लागलीच हाय बाई. मी अडवायलोय."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, ठिगळ लावून. तिसऱ्या दिवशी तिच्यापेक्षा मोठी आली. असे दहा-बारा दिवस गेले. आत्याबाईंचा आवाज बसला. कुसुमला आधी गंमत वाटत होती, पण एक दिवस वेणी घालताना ती म्हणाली, "वैनी, ती सावली आली की कानाच्या फोडावर कुणीतरी फुंकर घातल्यासारखं हुतं. तू यायच्या आधीच. मी दोनदा डोळं उघडून बघितलं." मी तिचे केस सोडून दिले.

कागलची माणसं यायला चार दिवस राहिले. त्या सकाळी निपाणीची कासारीण कुसुमला बांगड्या भरायला आली होती, सोप्यात चळती मांडून बसली होती. आत्याबाईंनी तालमीत निरोप धाडला आणि बंडा शड्डू ठोकत हजर झाला. हे पण घरीच होते. "आज त्येची छत्री मोडतो आनि त्येला बी मोडतो," म्हणत बंडा परड्यात गेला. छत्री रोजच्यासारखी कुसुमच्या डोक्यावर होती. बंडानं भिंतीवर चढून पलीकडं डोकावलं.

"आवो," तो म्हणाला, "ह्यो पडलाय की."

आप्पा बोळात उकिरड्याशेजारी, ऐन उन्हात, भिंतीला पाठ लावून बसल्या जागी कलंडले होते. शुद्ध नव्हती. काठी मात्र दोन्ही मुठींत घट्ट होती आणि सरळ उभी होती. बेशुद्ध माणूस दोन माणसांएवढी काठी कशी धरून ठेवतो ते मला कळत नाही. भिंतीचा आधार असेल. बंडानं ओढून पाहिली, सुटेना. शेवटी त्यानं आप्पांना काठी-छत्रीसकट उचललं आणि फिरून पुढच्या दाराशी आणलं. तिथं छत्री चौकटीत अडकली. ह्यांनी डावीकडून ढकललं, बंडानं उजवीकडून ओढलं, आत्याबाई मधोमध उभ्या राहून "आडवं करा, आडवं करा" म्हणत होत्या, आणि छत्री मिटावी हे कुणालाच सुचेना. ती कासारणीनं मिटली.

सोप्यात निजवलं. सकाळपर्यंत ज्याच्या छत्रीला आग लावत होत्या त्याच्या तळपायांना आत्याबाईंनी स्वतः कांदा चोळला. मी कैरीचं पन्हं केलं. आप्पांचे ओठ हलत होते. "तंगी, बा. नेरळिगे बा, तंगी."

"बघा की," बंडा म्हणाला, "जीव जायची पाळी आली तरी ह्येची पैशाची तंगी काय सुटंना."

कासारीण बांगड्या आवरत होती. तिनं मान वर केली. "कसली पैशाची? त्यो कानडीत बोलायलाय. आमच्याकडं तंगी म्हंजी धाकटी भन. बा म्हंजी ये. सावलीत ये म्हणतोय त्यो, भनीला."

वर्षभर आम्ही सगळे ऐकत होतो. बंडा खाली बसला आणि उगीच आपली मूठ उघडून तळहात पाहत राहिला. त्या हातानं त्यानं आणा दिला होता.

आप्पांना शुद्ध आली तेव्हा समोर कुसुम पंख्यानं वारा घालत होती. तिच्याकडं पाहतच ते बोलले. त्यांचं गाव गडहिंग्लजच्या पलीकडं, हद्दीवरचं. बहिणीचं नाव निंगव्वा. अशीच, दुधासारखी.

"बाबा म्हणायचा, उन्हात बशीव, रंग धरंल. त्ये काम माझं. मी तवा पंधराचा, ती दहाची. खळ्यावर तेल लावून बसवायचो. ती सावलीकडं पळायची, मी धरून आणायचो. दंड धरून. रोज. त्येचा मला गुळाचा खडा मिळायचा." मी पन्हं पुढं केलं, त्यांनी घेतलं नाही. "पुढं कानावर फोड आला. बरा हुईना, पसराय लागला. लई उशिरा मिरजंच्या दवाखान्यात नेली. डाक्टरनं इचारलं, ही उन्हात बसती का? म्हटलं, बसत न्हाय जी. मी बसवतो."

मिरजेहून तिला परत आणलं, त्यानंतर ती दिवाळी पाहून गेली. बावीस वर्षांची होती.

"गेल्या साली घाटावर ही धुणं धूत हुती. ऐन बाराला. मला वाटलं, निंगव्वाच बसलीया. मागनं आलो, समोरची खोली घेतली. बोलायचं हुतं, पर तोंड कुठलं?" मग ते आत्याबाईंकडं वळले. "बाई, त्या कानाचा फोड बघा. मी एवढंच सांगाय आलोय."

"कसला फोड?" आत्याबाई म्हणाल्या. "तिला काय बी फोडबिड न्हाय. दृष्ट लावू नगंस."

ह्यांनी कुसुमकडं पाहिलं. कुसुमनं केस कानावर ओढून घेतले आणि माझ्याकडं पाहिलं. कागलचे चार दिवसांवर आले होते.

मी कधी पुरुषांसमोर बोलले नव्हते. म्हणाले, "आहे, आत्याबाई. रंगपंचमीपासून आहे. मी रोज वरून केस घेते." आणि जाऊन तिचे केस बाजूला केले.

दुसऱ्याच दिवशी हे तिला रेल्वेनं मिरजेला घेऊन गेले. डॉक्टरांनी फोडासकट कानाचा वरचा तुकडा काढला. कॅन्सर हा शब्द आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा आला. वेळेवर आणलंत म्हणाले, आणि हिला जन्मभर उन्हापासून जपा, अंगभर कपडे, डोक्यावर छत्री. कागलची माणसं येऊन, पट्टी बांधलेला कान बघून, पोह्यांना हात न लावता गेली. कुसुम म्हणाली, "जाऊ देत. अर्धा कान गेला म्हणून त्यांचं बोलणं पण अर्धंच ऐकू आलं."

पुढं गल्लीचं वळणच बदललं. आत्याबाई दुपारी दारात उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्या पोरींवर ओरडू लागल्या, "ए भवाने, डोईवर पदर घे, ऊन पुसता येत न्हाय!" हे वाक्य आपलंच आहे असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं. बंडा सदरा घालून रंकाळ्यावर जाऊ लागला आणि दर पुनवेला आप्पांकडं जाऊन पाठ दाखवू लागला. मग बाकीचेही जाऊ लागले. तालमीतल्या सगळ्या पोरांच्या पाठी आप्पांना तोंडपाठ झाल्या. त्यांतल्या एकाला त्यांनी खरंच मिरजेला धाडलं, तो हसत परत आला, काही नव्हतं म्हणून. आप्पा म्हणाले, "न्हाय ते बघायलाच जायचं असतंय."

आप्पा स्वतः मात्र बदलले नाहीत. छत्री डावीकडंच. पायऱ्यांपाशी थांबायचे, "तंगी, बा" म्हणायचे. आता अर्थ कळत होता म्हणून भीती कमी व्हायला हवी होती. माझी तरी झाली नाही. उलट आता त्या सावलीत पाहायला मला जास्त धीर लागायचा.

जखम भरल्यावर कुसुम त्यांच्याकडं छत्रीचं कापड शिवायला शिकू लागली. तिचा हात चांगला बसला. आषाढ कोरडाच चालला होता. अशाच एका कडक दुपारी तिला दोरा आणायला गंगावेशीत जायचं होतं. आप्पा त्याच वेळी छत्री उघडून निघाले होते. मी खिडकीत होते. कुसुम खोलीतून बाहेर आली आणि सरळ त्यांच्या डाव्या बाजूला चालू लागली.

आप्पा थांबले. मला ते कुत्र्याला बोललेले शब्द आठवले. गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. आप्पा त्या रिकाम्या जागेकडं पाहत होते. कुसुम सावलीच्या कडेशी, उन्हात, उभी. आता ते तिला सरक म्हणणार.

"तंगी," ते म्हणाले, "सरक गं जरा."

पण कुसुमकडं बघून नव्हे. आपल्या शेजारी बघून. आणि हात लांबवून छत्री आणखी डावीकडं नेली, एवढी की त्यांचा खांदा, मान, गव्हाळ राहिलेला तो डावा गालही उन्हात आला. कुसुम सावलीत शिरली. दोघं पायऱ्यांपर्यंत गेले, थांबले, उतरले.

ती परत आली तेव्हा मी तिला भाकरी वाढली आणि विचारलं, "त्यांच्यापासून एवढं हातभर अंतर ठेवून का चालत होतीस? सावली होती की तिथं."

कुसुमनं घास मोडला. माझ्याकडं असं बघितलं, जसं मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं.

"वैनी," ती म्हणाली, "मधी ती हुती न्हवं."